कोष्टकातले मावळ

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल आधी मळवलीला आणि मग कामशेतला थांबते. लोहगड, विसापूर, भाजे आणि कार्ले पाहायचे तर मळवलीला उतरावे. बेडशाची लेणी आणि तिकोना यांसाठी कामशेत सोयीचे. सहलीसाठी ही माहिती तुम्ही वहीत कोष्टक आखून लिहाल. संगणकही तेच करतो. आडव्या एका ओळीत एकाच स्थळाची माहिती आणि उभ्या एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती.

गणितातील ‘संबंध’ या कल्पनेच्या आधारे माहिती अशा कोष्टकांत ठेवावी, हा विचार आय. बी. एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली कोष्टकांशी बोलण्याची एक भाषा सुचवली. तीच पुढे एस. क्यू. एल. या नावाने रूढ झाली. तिच्या आज्ञा रोमन लिपीत लिहितात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देत आहोत.

प्रथम कोष्टक आखू:

क्रिएट टेबल स्थळे (नाव टेक्स्ट, प्रकार टेक्स्ट, स्थानक टेक्स्ट, वारसा टेक्स्ट);

‘टेक्स्ट’ म्हणजे त्या रकान्यात अक्षरे येतील. ते स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे की नाही, हे ‘वारसा’ या रकान्यात लिहायचे. आपले कोष्टक २०२४ साली भरले, असे समजू. तेव्हा लोहगडाची ओळ अशी भरली असती:

इन्सर्ट इन्टू स्थळे व्हॅल्यूज ('लोहगड', 'किल्ला', 'मळवली', 'नाही');

विसापूर आणि तिकोना हे किल्ले, तसेच भाजे, कार्ले आणि बेडसे ही लेणी याच रीतीने भरा. एकूण सहा ओळी होतील. आता कोष्टकाला प्रश्न विचारा:

सिलेक्ट नाव फ्रॉम स्थळे व्हेअर स्थानक = 'कामशेत';

‘सिलेक्ट’ म्हणजे निवड, ‘फ्रॉम’ म्हणजे कोणत्या कोष्टकातून आणि ‘व्हेअर’ म्हणजे अट. उत्तर येईल: बेडसे, तिकोना. कसे शोधायचे हे आपण सांगितले नाही. काय हवे एवढेच सांगितले. हेच या भाषेचे वैशिष्ट्य.

पुढे ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समूह जागतिक वारसा यादीत आला. त्यात लोहगड आहे. म्हणून आपल्या कोष्टकात दुरुस्ती हवी:

अपडेट स्थळे सेट वारसा = 'होय' व्हेअर नाव = 'लोहगड';

एक ओळ बदलली. पण घाईत शेवटची अट लिहायची राहिली तर? संगणक ‘नक्की ना?’ असे सहसा विचारत नाही. तो सहाही ओळींत ‘होय’ लिहून मोकळा होतो! शेजारचा विसापूर त्या बारांत नाही, तरी कोष्टक त्याला जागतिक वारसा म्हणेल. आज्ञा व्याकरणाने अचूक, पण माहिती खोटी. आज्ञा नियमात बसते का, एवढेच संगणक पाहतो. ती खरी आहे का, हे आपण पाहायचे. ‘डिलीट फ्रॉम स्थळे;’ ही आज्ञा तर याहून भयंकर. अट नसेल तर ती सगळ्या ओळी पुसते आणि रिकामे कोष्टक तेवढे उरते. सहलीच्या यादीत हे निभावेल, पण रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या कोष्टकात काय अनर्थ होईल, याची कल्पना करा.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, बदलण्यापूर्वी तीच अट लावून ‘सिलेक्ट’ करा आणि हव्या त्याच ओळी येतात का ते पाहा. दुसरा, ‘बिगिन’ ही आज्ञा देऊन कामाला सुरुवात करा. मग काम चुकले तर ‘रोलबॅक’ म्हणताच कोष्टक पूर्वीसारखे होते. बरोबर असेल तर ‘कमिट’ म्हणून पक्के करावे. ‘कमिट’नंतर मात्र ‘रोलबॅक’ उपयोगी पडत नाही.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. मळवलीला उतरून पाहता येतील अशी फक्त लेणी निवडायची आहेत. दोन अटी ‘अँड’ या शब्दाने जोडता येतात. आज्ञा वहीत लिहा. उत्तरात भाजे आणि कार्ले ही दोनच नावे येत असतील, तर तुमची आज्ञा बरोबर आहे.