यंत्राला विचार करायला वेळ लागे तेव्हा

पारावर किंवा देवळाच्या ओट्यावर बुद्धिबळाचा डाव रंगलेला तुम्ही पाहिला असेल. एक जण वजिरावर बोट ठेवून बसलेला असतो आणि भोवतीची मंडळी ‘अहो, चाला की!’ म्हणून घाई करत असतात. चालणारा हलत नाही. त्याच्या डोक्यात काय चाललं आहे ते कुणाला दिसत नाही. चाळीसएक वर्षांपूर्वी घरगुती संगणकावर डावपेचांचे खेळ खेळणाऱ्यांना असाच एक गडी मिळाला होता. चाल करायला तो कधी मिनिटभर घेई, कधी अर्धा तास. फरक एवढाच, की त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते आपल्याला नेमकं सांगता येतं. तेच आज बघू.

आधी यंत्राची ओळख. 1982 साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनं ‘स्पेक्ट्रम’ नावाचा संगणक काढला. शाळेच्या पाटीएवढाही नाही, बटणं रबराची. पडदा म्हणून घरचाच टेलिव्हिजन लावायचा आणि खेळ साठवायला साधा कॅसेट टेपरेकॉर्डर. पुढे याच घराण्यातलं एक यंत्र परवाना घेऊन आपल्या देशातही विकलं गेलं. मी हे खेळ शिकलो ते एका मित्राच्या घरी, त्याच यंत्रावर. टेप सुरू केली की पाचएक मिनिटं नुसती किरकिर ऐकू येई. ती किरकिर म्हणजेच खेळ! प्रोग्रॅमचा एकेक अंक आवाजाच्या रूपानं यंत्रात उतरत असे. नेदरलँडमध्ये तर एन.ओ.एस. या नभोवाणी संस्थेच्या ‘हॉबीस्कूप’ कार्यक्रमातून असे प्रोग्रॅम चक्क रेडिओवरून ऐकवीत, आणि श्रोते ती किरकिर टेप करून आपापल्या यंत्राला पाजत. आपल्या नभोवाणीच्या मंडळींना हे ऐकून गंमत वाटेल.

मोठ्या स्पेक्ट्रमची स्मृती 48 किलोबाइट, म्हणजे 49,152 इंग्रजी अक्षरं मावतील एवढी. दोन हजार अक्षरांचं एक पान धरलं, तर पंचवीस पानंही भरायची नाहीत. त्याच्या घड्याळाचे सेकंदाला 35 लाख ठोके पडत, आणि सर्वांत सोपं काम करायलाही त्याला चार ठोके लागत. आकडा मोठा वाटतो खरा. पण बुद्धिबळाच्या पटापुढे तो किती तोकडा पडतो पाहा.

डावाच्या आरंभी पांढऱ्याला 20 चाली असतात. आठ प्याद्यांच्या सोळा, दोन घोड्यांच्या चार. काळ्यालाही उत्तर म्हणून 20. म्हणजे दोघांची एकेक चाल झाली की 400 प्रकार. पांढऱ्याची दुसरी चाल धरली की 8,902. काळ्याची दुसरी धरली की 1,97,281. आणखी एकच चाल पुढे गेलात तर 48,65,609! आता समजा, यंत्र सेकंदाला 500 मांडण्या तपासतं. तीन चालींपर्यंत बघायला त्याला अठरा सेकंद पुरतील. चार चालींना साडेसहा मिनिटं. पाच चालींना दोन तास चाळीस मिनिटांच्या वर. वाट बघावी लागे ती यामुळे. यंत्र आळशी नव्हतं. ते बिचारं सारखं मोजत होतं.

पण मोजतं म्हणजे काय करतं? प्रत्येक मांडणीला ते गुण देतं. अमेरिकेतले गणिती क्लॉड शॅनन यांनी 1950 साली एका लेखात ही रीत मांडली होती. वजिराला 9, हत्तीला 5, उंटाला आणि घोड्याला 3, प्याद्याला 1. आपली बेरीज आणि समोरच्याची बेरीज यांतला फरक काढायचा, शिवाय कोणाच्या सोंगट्यांना फिरायला मोकळीक आहे तेही थोडं धरायचं. स्वतःच्या पाळीला जास्तीत जास्त गुणांची चाल घ्यायची, आणि समोरचाही आपल्याला कमीत कमी गुण मिळू देईल असं समजून चालायचं. झालं! यात ‘समज’ कुठं आली? तिसरीतल्या मुलाची बेरीज-वजाबाकी आहे, फक्त लाख वेळा केलेली.

लाख वेळा करणं परवडत नसे, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे एक युक्ती वापरत. बैलबाजारात तुम्ही काय करता? एक बैल पसंत पडलेला असतो. दुसरा बघायला गेलात आणि तो लंगडताना दिसला, तर त्याचे दात कशाला मोजता? पुढे चालता. यंत्रही तसंच करी. एका चालीला समोरच्याचं पहिलंच उत्तर वजीर खाणारं निघालं, तर त्या चालीची बाकीची उत्तरं ते तपासतच नसे. मात्र चांगला बैल आधी दिसला तरच हा वेळ वाचतो. म्हणून कुठली चाल आधी तपासायची यातच लिहिणाऱ्याचं खरं कौशल्य असे.

एवढं करूनही यंत्राची नजर कुंपणापर्यंतच. तीन चालींच्या पलीकडे काय आहे ते त्याला ठाऊक नसे. आम्हा मुलांना हे लवकरच उमगलं. एखादं प्यादं आमिषाला ठेवायचं, पण त्याची किंमत चौथ्या-पाचव्या चालीला वसूल होईल असं. यंत्र गुण मोजी, खूश होऊन प्यादं खाई, आणि फसे. ते मोजत असताना आम्हालाही वेळ मिळे. त्या वेळात शेजारी मांडलेल्या लाकडी पटावर आम्ही त्याची चाल ओळखायचा प्रयत्न करीत असू. आज खिशातला मोबाइल क्षणात उत्तर देतो आणि कसलेल्या खेळाडूलाही हरवतो. खेळ उत्तम, यात शंका नाही. पण समोरचा गडी डोकं खाजवत बसला आहे आणि आपण त्याच्या डोक्यात डोकावतो आहोत, ही मजा त्यात नाही, असं माझं मत.

जागेच्या टंचाईतून तर काय काय निघालं! स्पेक्ट्रमच्या आधीचं ‘झेडएक्स-81’ हे यंत्र 1981 सालचं, स्मृती अवघी एक किलोबाइट. डेव्हिड हॉर्न यांनी त्यात बुद्धिबळ बसवलं, फक्त 672 बाइटांत. किल्लेकोट नाही, प्याद्याचा वजीर होत नाही. पण यंत्र खेळे. 1984 साली माइक सिंगलटन यांनी ‘लॉर्ड्स ऑफ मिडनाइट’ हा लढाईचा खेळ स्पेक्ट्रमसाठी केला. दिवसा आपण आपले सरदार हलवायचे, रात्री शत्रूचं सैन्य हले. त्यात चार हजार ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणाहून आठ दिशांची दृश्यं, म्हणजे बत्तीस हजार चित्रं. पडदाभर एका चित्राला 6,912 बाइट लागत. तेव्हा सात चित्रांतच सारी स्मृती भरली असती. मग सिंगलटन यांनी चित्रं साठवलीच नाहीत. कुठं डोंगर, कुठं रान एवढंच नोंदवलं, आणि बघणारा जिथं उभा असेल तिथून ते लहान-मोठं कसं दिसेल हे यंत्राकडून त्या त्या वेळी काढून घेतलं.

शिक्षक बंधू-भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 1984 साली केंद्र सरकारनं ‘क्लास’ या योजनेखाली निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक दिले होते. त्या जातीच्या यंत्रासाठी मार्टिन ब्रायंट यांनी ‘व्हाइट नाइट’ नावाचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला होता. 1983 साली छोट्या संगणकांच्या युरोपीय स्पर्धेत तो पहिला आला. विचार चालू असताना त्याला सर्वांत चांगल्या वाटणाऱ्या चालींची ओळ तो पडद्यावर दाखवी. नवं काही सापडलं की ओळ बदले. यंत्राचं मन बदलताना डोळ्यांना दिसे!

संगणक नसला तरी हे वर्गात करून पाहता येईल. फळ्यावर पट काढा, तीन-चारच सोंगट्या मांडा आणि मुलांचे दोन गट करा. एका गटानं आपल्या सगळ्या चाली पाटीवर लिहायच्या, दुसऱ्यानं प्रत्येकीची सगळी उत्तरं, मग शॅनन यांच्या रीतीनं प्रत्येकाला गुण द्यायचे. दुसऱ्या चालीच्या मध्यावर कुठंतरी तासाची घंटा होईल, आणि कुणीतरी नक्की विचारील, ‘गुरुजी, ही चाल वाईटच दिसतेय, बाकीची उत्तरं लिहायलाच हवीत का?’