श्वासाचं यंत्र स्वस्त होऊ शकतं

खोपोलीच्या शिळफाट्यावरून ट्रक बोरघाटाला लागतात. त्या चढावर डुलकी लागणं म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण डुलकीचं कारण दर वेळी अपुरी झोप नसतं. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो, काही सेकंद काहीच नाही, मग माणूस गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतो. हा स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू झोप मोडून श्वास सुरू करतो. तासाला असं 30 वेळा किंवा जास्त झालं की आजार तीव्र.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांना हा आजार आढळला होता.

यावरचा खात्रीचा उपाय सीपॅप. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनी तो 1981 मध्ये जगापुढे मांडला. त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडावं लागे. सुलिवननी साध्या ब्लोअरची हवा मास्कमधून नाकात सोडली. त्या दाबाने घसा उघडा राहिला. आजच्या यंत्रातही मुळात पंखा, दाब मोजणारा सेन्सर आणि मास्कच असतो. तरीही किंमत हजारो रुपयांत जाते. शिवाय मास्क आणि फिल्टर अधूनमधून बदलावे लागतात, तो खर्च वेगळा. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या ड्रायव्हरने हे कुठून आणायचं?

जून 2021 मध्ये सरकारने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरच्या व्यापारी नफ्याला 70 टक्क्यांची मर्यादा घातली. पुढच्याच महिन्यात ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर, रक्तदाबमापक आणि डिजिटल थर्मामीटरही त्या यादीत आले. सीपॅप मात्र नाही. कोविडसाठी जे जमलं ते या यंत्रासाठीही जमवायलाच हवं, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर खर्च तपासणीपासूनच कमी करता येतो. पहिली चाळणी फुकट आहे: मोठ्याने घोरणं, दिवसा पेंग, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलेला असणं, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, पन्नाशीपुढचं वय, पुरुष असणं, आणि 40 सेंटीमीटरहून जाड मान. शेवटचं तर शिंप्याच्या टेपने मोजता येतं. यातली तीनचार लक्षणं जुळली तर डॉक्टरांकडे जावं आणि घरीच होणाऱ्या झोपतपासणीबद्दल विचारावं. दवाखान्यात रात्र काढण्यापेक्षा ती बहुधा स्वस्त पडते. आजार सौम्य असेल तर वजन उतरवून, कुशीवर झोपून किंवा दंतवैद्याने बसवलेल्या जबडा पुढे धरणाऱ्या साच्यानेही अनेकांचं भागतं. यंत्र लागलंच, तर विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने मिळतं का ते पाहावं. मास्क चेहऱ्याला बसत नाही म्हणून कितीतरी यंत्रं कपाटात पडून राहतात.