कॅपिटल दिसते ते कॅपिटल असतेच असे नाही!

नंदुरबार, प्रतिनिधी – ऑनलाइन अर्ज भरताना पॅन क्रमांक लिहिला जातो. कळफलकावरचे ‘कॅप्स लॉक’ बंद असते, तरीही पडद्यावर सगळी अक्षरे कॅपिटल उमटतात. अर्जदार निश्चिंत होऊन ‘सबमिट’चे बटण दाबतो आणि ‘पॅन क्रमांक अवैध आहे’ असा संदेश येतो. क्रमांक पुन्हा तपासला जातो; एकही अक्षर चुकलेले नसते. पुन्हा बटण, पुन्हा तोच संदेश. अशा वेळी दोष अर्जदाराचा नसतो आणि इंटरनेटचाही नसतो. पडद्यावर दिसणारे अक्षर आणि संगणकाने प्रत्यक्षात नोंदवलेले अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यामागचे कारण असते. हा फरक ज्या सोयीमुळे निर्माण होतो, ती वेबपेजच्या शैलीपत्रकात म्हणजे ‘स्टाईल शीट’मध्ये दडलेली आहे.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा राहत नाही. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १६ लाख ४८ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात जवळपास ६९ टक्के नागरिक अनुसूचित जमातींचे आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, बँक खाते या प्रत्येक ठिकाणी आता ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यावरून तालुक्याच्या गावी येऊन सेवा केंद्रात अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एका अर्जाचे परत येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे वाया जाणे असते.

एक नाव, दोन लिप्या

शहादा तालुक्यातील टेंभली या गावाचे नाव देशभर पोहोचले ते २९ सप्टेंबर २०१० रोजी. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक याच गावात देण्यात आले. आधार पत्रावर नाव दोनदा छापलेले असते. एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. म्हणजेच ‘वळवी’, ‘पाडवी’, ‘वसावे’ किंवा ‘पावरा’ हे आडनाव प्रत्येकाने दोन लिप्यांमध्ये सांभाळायचे असते. पॅन कार्डावर तेच नाव सगळ्या कॅपिटल अक्षरांत येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. ‘वळवी’ची रोमन अक्षरे कोणी ‘व्ही’ने सुरू करतो, तर कोणी ‘डब्ल्यू’ने. नोंदी जुळवताना आधीच इतका गोंधळ असतो. त्यात कॅपिटल आणि स्मॉलच्या दिखाऊ फरकाची भर पडली, तर चूक नेमकी कुठे आहे हे शोधणे अधिकच अवघड होते.

शैलीपत्रकाचे काम काय?

कोणत्याही वेबपेजचे ढोबळमानाने दोन भाग पाडता येतात. मजकूर आणि त्याची रचना ‘एचटीएमएल’मध्ये लिहिलेली असते; हे शीर्षक, हा परिच्छेद, ही अर्जातील चौकट. तो मजकूर कोणत्या रंगात, किती मोठा आणि कोणत्या रूपात दिसावा, हे ‘सीएसएस’ अर्थात शैलीपत्रक ठरवते. घर बांधणारा गवंडी आणि रंग देणारा रंगारी यांच्यात जी कामाची वाटणी असते, तशीच ही वाटणी आहे. रंगाऱ्याने भिंतीचा रंग बदलला म्हणून आतली वीट बदलत नाही.

ही कल्पना हाकोन व्हिउम ली यांनी १९९४च्या ऑक्टोबरमध्ये मांडली. त्यानंतर बर्ट बॉस त्यांच्याबरोबर या कामात आले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ने सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत शिफारस म्हणून जाहीर केली. अक्षरांचे कॅपिटल-स्मॉल रूप ठरवणारा ‘टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म’ हा गुणधर्म त्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे.

चार आज्ञा

या गुणधर्माला मुख्यतः चार मूल्ये देता येतात. ‘अपरकेस’ म्हटले की सर्व अक्षरे कॅपिटल दिसतात. ‘लोअरकेस’ म्हटले की सर्व स्मॉल. ‘कॅपिटलाइज’ म्हटले की प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल होते. ‘नन’ म्हटले की मजकूर जसा लिहिला आहे तसाच दिसतो.

यातील ‘कॅपिटलाइज’बाबत गैरसमज अधिक आहेत. ही आज्ञा फक्त पहिल्या अक्षराला हात लावते. उरलेली अक्षरे आहेत तशीच ठेवते. ‘नंदुरबार’ हे नाव इंग्रजीत सगळ्या कॅपिटल अक्षरांत लिहिलेले असेल, तर या आज्ञेने ते सुधारत नाही. सगळे कॅपिटलच राहते. ‘झेडपी’सारखे संक्षिप्त रूप स्मॉलमध्ये लिहिले असेल, तर त्यातील फक्त ‘झेड’ मोठे होते आणि ‘पी’ लहानच राहते. संक्षेप कोणता आणि साधा शब्द कोणता, हे यंत्राला कळत नाही. वाक्यातील केवळ पहिलेच अक्षर मोठे हवे असेल, तर त्यासाठी ‘फर्स्ट-लेटर’ ही वेगळी सोय वापरावी लागते.

हा गुणधर्म वारसाहक्काने खाली उतरतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. एखाद्या संपूर्ण तक्त्याला ‘अपरकेस’ दिले, तर त्यातील सर्व रकाने कॅपिटल दिसू लागतात. एखादा रकाना वगळायचा असेल, तर तिथे स्पष्टपणे ‘नन’ असे लिहावे लागते.

मग ही सोय कशासाठी? समजा, एका संकेतस्थळावर शेकडो इंग्रजी शीर्षके आहेत आणि ती कॅपिटलमध्ये दाखवायची आहेत. प्रत्येक शीर्षक नव्याने टंकलिखित करण्याऐवजी शैलीपत्रकात एक ओळ लिहिली की काम होते. उद्या रूप बदलायचे ठरले, तर तीच एक ओळ काढायची. याउलट शीर्षके मुळातच कॅपिटलमध्ये लिहून ठेवली, तर ती पूर्ववत करताना कोणते विशेषनाम आणि कोणता साधा शब्द, हे माणसालाच पुन्हा ठरवावे लागते. म्हणून मूळ मजकूर नेहमीच्या पद्धतीने लिहावा आणि सजावट शैलीपत्रकावर सोपवावी, असा संकेत आहे.

रूप बदलते, नोंद बदलत नाही

अडचण सुरू होते ती अर्जाच्या चौकटीत. चौकटीला ‘अपरकेस’ची आज्ञा दिली, की अर्जदार स्मॉल अक्षरे लिहीत असला तरी पडद्यावर ती कॅपिटल दिसतात. मात्र ‘सबमिट’ केल्यावर सर्व्हरकडे जातात ती मूळ स्मॉल अक्षरेच. शैलीपत्रकाने फक्त मुखवटा चढवलेला असतो.

पॅन क्रमांकाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. दहा वर्णांच्या या क्रमांकात पहिली पाच अक्षरे, मग चार अंक आणि शेवटी एक अक्षर असते. अनेकदा अर्जात अशी तपासणी बसवलेली असते की ही अक्षरे ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतची कॅपिटलच असली पाहिजेत. तपासणी करणारी यंत्रणा मुखवट्याकडे पाहत नाही. ती मूळ अक्षर पाहते. मूळ अक्षर स्मॉल असल्याने ती नकार देते. अर्जदाराला मात्र कॅपिटलच दिसत असतात. बँकेच्या शाखेचा अकरा वर्णांचा आयएफएससी कोड लिहितानाही हेच घडू शकते. चित्रातील अक्षरे ओळखून लिहायच्या ‘कॅप्चा’लाही असा मुखवटा चढवला आणि तपासणी कॅपिटल-स्मॉलचा भेद मानणारी असेल, तर बरोबर उत्तर चूक ठरते.

दुसरा धोका याहून सावकाश उघड होतो. अर्ज स्वीकारला जातो, नाव स्मॉल अक्षरांत साठवले जाते आणि काही महिन्यांनी त्या साठ्यावरून तयार होणारे प्रमाणपत्र छापले जाते. त्या छपाईच्या साच्यात ‘अपरकेस’ची आज्ञा नसेल, तर प्रमाणपत्रावर नाव स्मॉलमध्येच येते. अर्ज भरताना पडद्यावर पाहिलेले नाव आणि हातात आलेले नाव वेगळे दिसते.

निवडलेला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवतानाही गोंधळ होतो. मानकानुसार साधा मजकूर कॉपी करताना या गुणधर्माचा परिणाम होऊ नये. प्रत्यक्षात सर्व ब्राऊझर याबाबत सारखे वागलेले नाहीत. त्यामुळे कॉपी केलेल्या मजकुरावरून मूळ नोंदीचा अंदाज बांधणे खात्रीचे नाही.

देवनागरीचा वेगळा संसार

‘अपरकेस’ आणि ‘लोअरकेस’ हे शब्द छापखान्यातून आले आहेत. युरोपातील जुळारी कॅपिटल अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत आणि लहान अक्षरांचे खालच्या पेटीत ठेवीत. देवनागरीच्या खिळ्यांना पेट्या पुष्कळ लागत. जोडाक्षरे, काने, वेलांट्या, रफार यांची गर्दी असे. मात्र त्यात मोठ्या-लहान अक्षरांची जोडी कधीच नव्हती. मोडी लिपीतही ती नाही. त्यामुळे आजच्या युनिकोड मराठी मजकुरावर ‘टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म’चा काहीही परिणाम होत नाही. ‘तळोदा’ आणि ‘नवापूर’ ‘अपरकेस’मध्येही तसेच राहतात.

हे नेहमीच असे नव्हते. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी-हिंदी मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून असत. संगणकाच्या दृष्टीने साठवलेली अक्षरे रोमनच असत. फाँट त्यांना देवनागरीचे रूप देई. ‘कृतिदेव’ फाँटमध्ये स्मॉल ‘डी’ लिहिला की ‘क’ दिसतो आणि कॅपिटल ‘डी’ लिहिला की अर्धा ‘क्’. स्मॉल ‘के’ म्हणजे काना, तर कॅपिटल ‘के’ म्हणजे ‘ज्ञ’. अशा मजकुरावर ‘अपरकेस’ची आज्ञा चालली, की प्रत्येक कान्याचा ‘ज्ञ’ होतो आणि वाक्याचा अर्थच नाहीसा होतो. कार्यालयांतील जुन्या धारिका संकेतस्थळावर चढवताना त्या आधी युनिकोडमध्ये आणणे म्हणूनच गरजेचे ठरते.

युनिकोड मराठीला ‘अपरकेस’ने इजा होत नसली, तरी त्याच्या सोबत्याकडून होते. इंग्रजी शीर्षके कॅपिटल करताना रचनाकार बहुधा ‘लेटर-स्पेसिंग’ही वाढवतात, कारण कॅपिटल अक्षरे थोडी सुटी असली की वाचायला बरी पडतात. तीच शैली मराठी पानाला जशीच्या तशी लावली, तर अक्षराअक्षरांत फट पडते आणि शिरोरेषा तुटते. ‘शहादा’ हा एक शब्द न वाटता तीन सुटी अक्षरे वाटू लागतात. मराठी शीर्षकाला उठाव द्यायचा असेल, तर अक्षरांचा आकार, जाडी किंवा रंग बदलणे हाच योग्य मार्ग आहे.

परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याच्या सजावटीतही हीच काळजी घ्यावी लागते. ‘श्रीक्षेत्र’ या शब्दाचे पहिले अक्षर ‘श्री’ आहे. केवळ ‘श’ नाही. काना, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह पूर्ण अक्षर एक घटक मानले जाते की नाही, हे ब्राऊझरमध्ये प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे.

इतर भाषांतही ही आज्ञा वाटते तितकी सरळ नाही. जर्मनमधील ‘एस्सेट’ या एका अक्षराची कॅपिटल करताना दोन ‘एस’ होतात. तुर्की भाषेत टिंबाचा ‘आय’ आणि बिनटिंबाचा ‘आय’ अशी दोन निराळी अक्षरे आहेत. त्यामुळे पान कोणत्या भाषेत आहे, हे एचटीएमएलमध्ये नोंदवणे आवश्यक असते. मराठी-इंग्रजी अशा दुभाषी संकेतस्थळांना तर त्याचा थेट उपयोग आहे. इंग्रजी भागाला ‘अपरकेस’ आणि वाढीव अंतर, मराठी भागाला वेगळी जाडी, असे नियम भाषेनुसार वेगळे लिहिता येतात.

उपाय कोणते?

अर्ज तयार करणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे. अक्षर कॅपिटल दिसावे एवढीच अपेक्षा असेल, तर शैलीपत्रक वापरावे. नोंदच कॅपिटल हवी असेल, तर लिहिलेले अक्षर आज्ञावलीने खरोखर बदलावे आणि सर्व्हरवर पोहोचल्यावर पुन्हा एकदा बदलून मगच तपासावे. पॅन किंवा आयएफएससी यांसारख्या ठिकाणी स्मॉल अक्षरे नाकारण्याऐवजी ती स्वीकारून कॅपिटल करून घेणे अधिक सोयीचे आहे. मोबाइलवर कळफलक आपोआप कॅपिटलवर नेणारी ‘ऑटोकॅपिटलाइज’ ही सोय उपयोगी असली, तरी तिच्यावर विसंबून चालत नाही. संगणकाच्या कळफलकावर लिहिणाऱ्याला ती लागू होत नाही. नावाच्या बाबतीत व्यक्तीने जसे लिहिले तसे साठवणे आणि जुळवणी करताना कॅपिटल-स्मॉलचा भेद न धरणे श्रेयस्कर. ‘डिसोझा’सारख्या आडनावाच्या मध्येही कॅपिटल अक्षर असते. एकदा सगळे कॅपिटल करून साठवले, की मूळ लेखन परत मिळवता येत नाही.

अर्ज भरणाऱ्यांनाही थोडी दक्षता घेता येईल. पॅन व आयएफएससी लिहिताना ‘कॅप्स लॉक’ सुरू ठेवावे, म्हणजे जे दिसते तेच नोंदवले जाईल. पासवर्ड लिहिण्यापूर्वी मात्र ते आठवणीने बंद करावे, कारण तिथे कॅपिटल आणि स्मॉल ही वेगळी अक्षरे मानली जातात. अंतिम ‘सबमिट’पूर्वी अर्जाची प्रत पाहण्याची सोय असेल, तर त्यातील नावाचे प्रत्येक अक्षर आधार पत्राशी ताडून पाहावे. कॅपिटल-स्मॉलचा फरक पुढे यंत्र दूर करू शकते. ‘वळवी’चे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असेल, तर ते कोणतेही शैलीपत्रक दुरुस्त करू शकत नाही, त्यासाठी दुरुस्तीचा रीतसर अर्जच करावा लागतो.