‘विद्यापीठ’ : एक संज्ञा आणि तिचे तीन अर्थ
(बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात)

भाषेतील काही शब्दांचा कोशातील अर्थ एक, कायद्यातील अर्थ दुसरा आणि लोकव्यवहारातील अर्थ तिसरा असतो. या तिन्हींत अंतर पडले तरी सामान्यतः कोणाचे फारसे नुकसान होत नाही. ‘विद्यापीठ’ ही संज्ञा मात्र या नियमास अपवाद आहे. तिच्या तीन अर्थांतील अंतर न ओळखल्यामुळे विद्यार्थ्याच्या आयुष्यातील चार-सहा वर्षे आणि त्याच्या कुटुंबाची बचत वाया जाऊ शकते. लहान खाजगी विद्यापीठे आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यांचा प्रसार होत असताना ही संज्ञा नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनास बुलढाणा जिल्ह्याचा संदर्भ घेतला आहे. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

१. शब्दाचा इतिहास

‘विद्यापीठ’ हा शब्द जुना असला तरी त्याचा आजचा अर्थ जुना नाही. शैव तंत्रवाङ्मयात ‘मंत्रपीठ’ आणि ‘विद्यापीठ’ असे ग्रंथांचे वर्गीकरण आढळते. तेथे ‘विद्या’ म्हणजे स्त्रीदेवतांचे मंत्र होत, आणि पदवी देणाऱ्या संस्थेशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. १८ जुलै १८५७ रोजी मुंबईत जी संस्था स्थापन झाली, तिला मराठी माणूस दीर्घकाळ ‘युनिव्हर्सिटी’च म्हणत होता. पुढे हिंदीने ‘विश्वविद्यालय’ हा शब्द पत्करला आणि मराठीने ‘विद्यापीठ’. ‘आलय’ म्हणजे घर, तर ‘पीठ’ म्हणजे आसन. घरात राहावयाचे असते, आसनावरून अधिकाराने बोलावयाचे असते. मराठीने नकळत अधिकारवाचक शब्द निवडला, असे म्हणावयास हरकत नाही.

आरंभीच्या वस्तुस्थितीशी ही निवड जुळणारीही होती. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेले मुंबईचे विद्यापीठ प्रारंभी स्वतः शिकवीत नसे. शिकवीत असत ती महाविद्यालये. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदवी देई. विद्यार्थ्याच्या अनुभवात विद्यापीठ म्हणजे वर्षाकाठी एकदा भेटणारी, न दिसणारी सत्ता होती. दूरस्थ शिक्षण ही आजची कल्पना मानली जाते, परंतु आपल्याकडील विद्यापीठ जन्मतःच विद्यार्थ्यापासून दूर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

२. जिल्ह्याचा अनुभव

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत, आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती. तथापि या जिल्ह्यास स्वतःचे असे सार्वजनिक विद्यापीठ लाभलेले नाही. येथील महाविद्यालये पूर्वी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न असत. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती तिकडे गेली. अंतर कमी झाले, पण संपले नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या उत्तरेकडील गावांवरून जातो. घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार या भागांस रेल्वे नाही. लोणारच्या विद्यार्थ्यास आपल्या विद्यापीठाच्या कचेरीत एक कागद नेऊन द्यावयाचा झाला, तरी दिवस मोडावा लागतो.

या अंतराचे प्रतिबिंब बोलीत उमटले आहे. व्यवहारात ‘विद्यापीठ’ हा शब्द क्वचितच येतो. ‘अमरावतीहून निकाल आला’, ‘अमरावतीला अर्ज पाठवला’ अशी भाषा असते आणि गावाचे नाव संस्थेचे काम करते. महाविद्यालयात नाव न घालता परीक्षा देणारा विद्यार्थी ‘बाहेरून बसतो’. ‘बहिःस्थ’ या शासकीय संज्ञेपेक्षा हा प्रयोग अधिक बोलका आहे. ज्याला कोणी आत घेतलेले नाही असा विद्यार्थी त्यातून उभा राहतो. नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, तेव्हा ‘बहिःस्थ’च्या जागी ‘मुक्त’ हा शब्द आला. बदल केवळ शब्दाचा नव्हता. स्वयंअध्ययनासाठी मराठीत लिहिलेली पुस्तके आणि गावाजवळचे अभ्यासकेंद्र यांमुळे, शेती किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यास आपण कोठेतरी आत आहोत असे वाटण्यास आधार मिळाला.

जिल्ह्यातील दुसरे उदाहरण शेगावचे. तेथील श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. व्यवस्थापन खाजगी, पदवी मात्र सार्वजनिक विद्यापीठाची, अशी ही रचना होय. चालविणारा कोण आणि पदवी देणारा कोण हे दोन प्रश्न तेथे वेगळे राहतात. खाजगी विद्यापीठात हे दोन्ही प्रश्न एक होतात. जी संस्था शुल्क घेते तीच शिकविते, तीच परीक्षा घेते आणि तीच पदवी देते. म्हणूनच तेथे विद्यार्थ्याने अधिक बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

३. लहान खाजगी विद्यापीठाचा मराठी आदर्श

‘लहान’ आणि ‘खाजगी’ या विशेषणांचा आज संशयानेच उच्चार होतो. परंतु महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील एक उज्ज्वल प्रकरण नेमके लहान आणि खाजगी विद्यापीठाचे आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या वाचनात आली. डिसेंबर १९१५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये पुण्यात ती प्रत्यक्षात आणली. सरकारी सनद नव्हती. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. निधी पुष्कळसा लहान वर्गण्यांतून जमलेला होता.

हिंगण्यास त्या काळी गेलेल्या पाहुण्यास भव्य असे काही दिसले नसते. आत काय चालले आहे हे इमारतीवरून कळणारे नव्हते. पहिले कुलपती होते रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होती आणि इंग्रजी हा आवश्यक विषय होता. पदव्यांची नावेही स्वतंत्र घडविली होती. ‘जी. ए.’ म्हणजे गृहीतागमा आणि ‘पी. ए.’ म्हणजे प्रदेयागमा. जिने शास्त्र ग्रहण केले ती पहिली, आणि जी ते दुसऱ्यास देण्यास समर्थ झाली ती दुसरी. रूढ विद्यापीठांचे ‘बी. ए.’, ‘एम. ए.’ उसने घेऊन बरोबरीचा आभास निर्माण करणे सोपे होते. ते न करता आपली पदवी वेगळी आहे हे नावातच सांगितले गेले. भाषिक प्रामाणिकपणाचे हे उदाहरण मननीय आहे.

या प्रामाणिकपणाची किंमतही होती. ‘गृहीतागमा’ झालेल्या स्त्रीस सरकारी मान्यतेअभावी शासकीय विद्यापीठाच्या पदवीधराचे हक्क नव्हते. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केल्यावर संस्थेस त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. कायद्याची मान्यता यावयास मात्र १९५१ साल उजाडावे लागले. मधली ३५ वर्षे ही संस्था कार्याने विद्यापीठ होती, कायद्याने नव्हती.

असहकारितेच्या काळातील संस्थांची स्थिती अशीच होती. गुजरात विद्यापीठ १९२० मध्ये आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ मध्ये निघाले, तेव्हा सरकारी मान्यता नाकारणे हेच त्यांचे ब्रीद होते. खामगावचे टिळक राष्ट्रीय विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षणाच्या त्याच प्रवाहातील होय. या संस्थांनी ‘विद्यापीठ’ शब्दास कायद्यावाचून प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे या दोन्ही विद्यापीठांना, अनुक्रमे १९६३ व १९८७ मध्ये, अभिमत दर्जा मिळाला. तथापि शब्दाची ती कमावलेली प्रतिष्ठा मागे उरली, आणि पुढील काळात ती न कमावणाऱ्यांनाही वापरता येऊ लागली.

४. कायद्याचा अर्थ आणि त्याची किंमत

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ याने हा प्रश्न कायद्यापुरता सोडविला. कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्य यांच्या अधिनियमाने स्थापन झालेले विद्यापीठ, कलम ३ खालील अभिमत संस्था आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच आहे. कलम २३ प्रमाणे अधिनियमाने स्थापन न झालेल्या संस्थेस आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द लावता येत नाही. बंदी इंग्रजी शब्दावर असल्यामुळे मराठीत दुहेरी स्थिती निर्माण झाली. पुण्याच्या ‘भारती विद्यापीठा’चे नाव १९६४ पासूनचे आहे, आणि अभिमत दर्जा १९९६ चा. मधल्या काळात ‘विद्यापीठ’ हे संस्थेचे विशेषनाम होते, दर्जाचे नाव नव्हते. यात गैर काहीच नव्हते. मात्र केवळ नावावरून दर्जा ओळखता येत नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

अधिनियमाचा आधार असला म्हणजे सर्व आले, असेही नाही. छत्तीसगड राज्याने २००२ मध्ये केलेल्या खाजगी विद्यापीठ कायद्याखाली केवळ अधिसूचना काढून ११२ विद्यापीठे निर्माण झाली. त्यांतील अनेकांना इमारत नाही आणि काही तर एका खोलीत चालतात, असे प्रा. यशपाल यांच्या याचिकेतून पुढे आले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये या कायद्याची संबंधित कलमे रद्द ठरविली. ती विद्यापीठे नाहीशी झाली, पण त्यांत नाव घातलेले विद्यार्थी नाहीसे झाले नव्हते. त्यांच्या हितासाठी संस्था राज्यातील विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याची व्यवस्था न्यायालयास सुचवावी लागली.

दुसरा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. चार अभिमत संस्थांनी आवश्यक पूर्वमान्यता न घेता पत्रद्वारा अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि नव्याने परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. जो मनुष्य त्या पदवीवर दहा-बारा वर्षे नोकरी करीत होता, ज्याची बढती तीवर अवलंबून होती, त्यास चाळिशीच्या सुमारास पुन्हा परीक्षार्थी व्हावे लागले. या संस्था बनावट नव्हत्या. त्यांना पदव्या देण्याचा अधिकार होता, पण तो अभ्यासक्रम त्या रीतीने चालविण्याचा अधिकार नव्हता. याच निर्णयाच्या अनुषंगाने अभिमत संस्थांनी नावातील ‘युनिव्हर्सिटी’ शब्द वगळावा, असा आदेश आयोगाने काढला. एक शब्द गाळण्यासाठी देशभरच्या शंभराहून अधिक संस्थांना आपल्या पाट्या बदलाव्या लागल्या.

५. ऑनलाइन अभ्यासक्रम

महाराष्ट्रात २०१४ पासून स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे स्वतंत्र अधिनियमांनी स्थापन होऊ लागली, आणि २०१८ व २०२० च्या विनियमांनी ऑनलाइन पदवीस रीतसर स्थान मिळाले. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी प्रत्यक्ष वर्गातील पदवीशी समकक्ष आहे, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. येथे ‘मान्यता’ या शब्दाचे अधिकरण नीट पाहिले पाहिजे. ही मान्यता केवळ संस्थेला नसते, तर विशिष्ट अभ्यासक्रमास आणि विशिष्ट कालावधीपुरती असते. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या यांसारखे विषय ऑनलाइन पदवीसाठी खुले नाहीत. विद्यापीठ मान्यताप्राप्त असल्याचा दाखला खरा असूनही त्याचा अमुक अभ्यासक्रम मान्यतेबाहेर असू शकतो. २०१७ च्या निर्णयाने हाच धडा दिला.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ऑनलाइन शिक्षणाचे आकर्षण स्वाभाविक आहे. त्याने अमरावतीचा प्रवास वाचतो, शहरातील खोलीचे भाडे वाचते आणि मुलीला घराबाहेर ठेवण्याविषयीचा आईवडिलांचा संकोच आड येत नाही. परंतु प्रवासाचे अंतर मिटले तरी भाषेचे अंतर उरते. कर्व्यांच्या विद्यापीठाने आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने दूरच्या विद्यार्थ्यास जवळ आणले ते त्याच्या भाषेत शिकवून. वऱ्हाडी बोलीत वाढलेल्या आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे पडद्यावर केवळ इंग्रजीतील ध्वनिचित्रित व्याख्यान आले आणि शंका विचारावयास कोणी नसले, तर तो पुन्हा ‘बाहेरून बसलेला’च राहतो.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून ‘विद्यापीठ’ या संज्ञेचे तीन घटक वेगळे करता येतात. पहिला अधिकार, म्हणजे ही विशिष्ट पदवी या विशिष्ट रीतीने देण्याची कायदेशीर पात्रता. दुसरा अध्यापन, म्हणजे शिकविणारा आणि शंका निवारणारा खरोखर आहे काय, आणि तो कोणत्या भाषेत बोलतो. तिसरा नाव. १९१६ च्या संस्थेजवळ दुसरा घटक होता, पहिला नव्हता, आणि तिने ते लपविले नाही. छत्तीसगडमधील अनेक संस्थांजवळ पहिला होता, तोही सदोष, आणि दुसऱ्याचा अभाव होता. नाव मात्र सर्वांजवळच होते.

प्रवेशापूर्वी संस्था पाहावयास गेलेला पालक प्रवेशद्वार, पाटी आणि माहितीपुस्तिका पाहून परततो. म्हणजे तो केवळ तिसरा घटक पाहतो. त्याने विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. या अभ्यासक्रमास या वर्षासाठी मान्यता आहे काय, परीक्षा कोण व कोठे घेते, आणि शंका आली तर मुलाने कोणाकडे जावयाचे? पहिल्याचे उत्तर आयोगाच्या प्रसिद्ध याद्यांत मिळते. दुसऱ्याचे संस्थेने लेखी द्यावे. तिसऱ्याचे उत्तर केवळ तेथे शिकत असलेला विद्यार्थीच देऊ शकतो, आणि म्हणून पालकाने कचेरीतून बाहेर पडून त्यालाच गाठले पाहिजे.

विद्यापीठ लहान असणे हा दोष नाही, दूर असणे हाही नाही. पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ टिकले आणि ११२ विद्यापीठांचा कायदा टिकला नाही. दोहोंतील फरक संख्येचा नव्हता. शब्दाने दिलेले वचन संस्था पाळते की नाही, एवढाच तो होता.