अल्टिमेट प्ले द गेम

अल्टिमेट प्ले द गेम ही १९८० च्या दशकात घरगुती संगणकांसाठी खेळ तयार करणारी ब्रिटिश कंपनी होती. टिम स्टॅम्पर व ख्रिस स्टॅम्पर या बंधूंनी १९८२ साली इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यातील ॲशबी-डी-ला-झूश या छोट्या गावात तिची स्थापना केली. कंपनीचे नोंदणीकृत नाव 'ॲशबी कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स' असे होते; 'अल्टिमेट प्ले द गेम' हे तिचे व्यापारी नाव. झेडएक्स स्पेक्ट्रम या स्वस्त संगणकासाठी तिने १९८३ ते १९८६ या काळात प्रकाशित केलेले खेळ त्या संगणकावरील सर्वोत्तम खेळांत गणले जातात. 'जेटपॅक', 'ॲटिक ॲटॅक', 'सेबर वुल्फ' आणि 'नाइट लोर' हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. याच बंधूंनी पुढे 'रेअर' ही कंपनी उभी केली.

पार्श्वभूमी

घरगुती संगणकांच्या त्या पहिल्या पिढीत खेळ तयार करणारे बहुतेक जण हौशी तरुण होते. घरी बसून आज्ञावली लिहायची, कॅसेटवर तिच्या प्रती काढायच्या आणि मासिकात जाहिरात देऊन त्या टपालाने विकायच्या, अशी सर्वसाधारण पद्धत होती. स्टॅम्पर बंधूंचा मार्ग याहून वेगळा होता. ख्रिस यांनी लफबरो विद्यापीठात भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स यांचे शिक्षण घेतले होते. त्यानंतर दोघा बंधूंनी झिलेक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीत, नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवर काम केले. त्यामुळे घरगुती बाजारात उतरण्यापूर्वीच त्यांना व्यावसायिक खेळनिर्मितीचा अनुभव होता. वेग, प्रतिमांची सफाई आणि पहिल्या काही क्षणांतच खेळाडूला गुंतवून ठेवण्याची हातोटी हे त्या यंत्रांचे गुण त्यांनी घरगुती संगणकावर आणले.

कामाची विभागणी ढोबळमानाने अशी होती की, आज्ञावली व तांत्रिक बाजू ख्रिस सांभाळीत, तर चित्रे व खेळाची रचना टिम पाहत. त्यांच्यासोबत अगदी मोजके सहकारी होते. सुरुवातीचे काम घरातूनच चाले.

यंत्राच्या मर्यादा

कंपनीच्या कामाचे मोल समजण्यासाठी झेडएक्स स्पेक्ट्रमची घडण लक्षात घ्यावी लागते. सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या या संगणकात झेड८०ए हा ३.५ मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक होता. तो १६ किलोबाइट आणि ४८ किलोबाइट स्मृतीच्या दोन प्रकारांत मिळे. पडद्यावरील चित्र २५६ × १९२ बिंदूंचे असून त्यासाठी ६,९१२ बाइट इतकी स्मृती कायमची खर्च होई. म्हणजे १६ किलोबाइटच्या यंत्रात खेळाची आज्ञावली, चित्रे, ध्वनी व गुणांकन या सर्वांसाठी मिळून जेमतेम ९ किलोबाइट जागा उरे. हलत्या प्रतिमा दाखवण्यासाठी या संगणकात वेगळी यंत्रणा नव्हती. प्रत्येक हालचाल प्रक्रियकालाच रेखाटावी लागे.

दुसरी मोठी अडचण रंगांची होती. पडद्याचे ८ × ८ बिंदूंचे ७६८ चौकोन पाडलेले असत आणि एका चौकोनात एका वेळी दोनच रंग दाखवता येत. दोन भिन्न रंगांच्या आकृती एकाच चौकोनात आल्या की एकीचा रंग दुसरीला चिकटे. हा दोष स्पेक्ट्रमच्या खेळांची ओळखच बनला होता. या मर्यादांत काय साधता येईल, हाच अल्टिमेटच्या प्रत्येक खेळामागील खरा प्रश्न होता.

आरंभीचे खेळ

१९८३ साली आलेला 'जेटपॅक' हा कंपनीचा पहिला खेळ. पाठीवर उड्डाणयंत्र बांधलेला जेटमॅन परग्रहावर विखुरलेले अग्निबाणाचे भाग जोडतो, त्यात इंधन भरतो आणि शत्रूंना चुकवीत पुढच्या ग्रहाकडे निघतो, असे त्याचे साधे कथानक आहे. हा खेळ १६ किलोबाइटच्या यंत्रावरही चालत असे. त्याच्या तीन लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि नव्या कंपनीची उलाढाल दहा लाख पौंडांच्या पुढे गेली. गोल्डन जॉयस्टिक पुरस्कारांत १९८३ सालचा सर्वोत्तम खेळ म्हणून त्याची निवड झाली.

त्याच वर्षी 'प्स्स्ट', 'ट्रान्झ ॲम' व 'कुकी' हे आणखी तीन खेळ आले. हे चारही खेळ सिंक्लेअरच्या 'इंटरफेस २' या जोडयंत्रासाठी कार्ट्रिज स्वरूपातही निघाले. या यंत्रासाठी निघालेल्या एकूण दहा कार्ट्रिजांपैकी चार एकट्या अल्टिमेटच्या खेळांच्या होत्या.

१९८३ च्या उत्तरार्धात कंपनीने ४८ किलोबाइटच्या यंत्राकडे मोर्चा वळवला. 'लुनर जेटमॅन' हा 'जेटपॅक'चा पुढचा भाग त्याच्या काठिण्यासाठी गाजला. 'ॲटिक ॲटॅक'मध्ये खेळाडू जादूगार, सरदार किंवा सेवक यांपैकी एकाची भूमिका घेऊन वाड्यात अडकतो. तीन तुकड्यांत विभागलेली किल्ली शोधून त्याला बाहेर पडायचे असते, आणि या किल्लीवर कंपनीच्या नावाची ए-सी-जी ही आद्याक्षरे असतात. प्रत्येक भूमिकेसाठी वाड्यातील गुप्त वाटा निराळ्या आहेत. खेळाडूची उरलेली शक्ती भाजलेल्या कोंबडीच्या चित्राने दाखवली जाते. शक्ती घटते तसे मांस कमी होऊन हाडे उघडी पडतात. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर १९८७ साली सुरू झालेल्या 'नाइटमेअर' या मुलांच्या साहसी कार्यक्रमाची प्रेरणाही याच खेळातून घेतलेली होती.

सेबरमॅन मालिका आणि किंमतवाढ

१९८४ साली आलेल्या 'सेबर वुल्फ'मध्ये सेबरमॅन हा शोधक प्रथम अवतरला. जंगलाच्या चक्रव्यूहातून ताईताचे चार तुकडे गोळा करणे हे त्याचे काम होते. या खेळाबरोबर कंपनीने किमतीतही मोठा बदल केला. तोवर ५.५० पौंडांना मिळणारा खेळ आता ९.९५ पौंडांना, मोठ्या व आकर्षक पेटीत मिळू लागला. कॅसेटची नक्कल दोन टेपरेकॉर्डर जोडून सहज करता येत असल्याने मित्रमंडळींत फुकट प्रती फिरत. वस्तू महाग व देखणी असली की ती विकत घेणारा आपली प्रत सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असा यामागील विचार होता. जवळजवळ दुप्पट किंमत देऊनही ग्राहकांनी खेळ उचलला आणि पुढील खेळही त्याच दराने विकले गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'अंडरवर्ल्ड' व 'नाइट लोर' हे मालिकेतील पुढचे दोन खेळ प्रकाशित झाले. 'अंडरवर्ल्ड'मध्ये शत्रूच्या स्पर्शाने खेळाडू मरत नाही, तर दूर फेकला जातो. खरा धोका उंचावरून पडण्याचा असतो.

नाइट लोर

'नाइट लोर' हा कंपनीचा सर्वांत महत्त्वाचा खेळ मानला जातो. शापामुळे सेबरमॅन दर रात्री लांडग्याचे रूप घेतो. चाळीस दिवसांच्या आत वाड्यातून चौदा वस्तू शोधून मेल्खिओर या जादूगाराच्या कढईत टाकल्या तरच तो शापमुक्त होतो. पडद्याच्या खालच्या भागात सूर्य व चंद्र सरकताना दिसतात. रूपांतराच्या क्षणी सेबरमॅन खेळाडूच्या ताब्यात राहत नाही, त्यामुळे काळाचे भान ठेवणे हाही खेळाचाच भाग ठरतो.

वाड्यात १२८ दालने आहेत. प्रत्येक दालनाचे पूर्ण चित्र साठवायचे ठरवले असते तर ८६० किलोबाइटांहून अधिक स्मृती लागली असती. यंत्रात होती ४८. म्हणून दालनाचे चित्र न साठवता त्यात कोणते ठोकळे कोठे आहेत याची यादी तेवढी ठेवलेली असे, आणि खेळाडू आत येताच त्या यादीवरून दालन उभे केले जाई.

या तंत्राला कंपनीने 'फिल्मेशन' असे नाव दिले. दालन कोपऱ्यातून तिरपे पाहिल्यासारखे, म्हणजे आयसोमेट्रिक पद्धतीने दिसते. ही पद्धत नवी नव्हती. 'झॅक्सन' या नाण्याच्या यंत्रावरील खेळात आणि स्पेक्ट्रमवरील 'ॲन्ट अटॅक'मध्ये ती आधी येऊन गेली होती. 'नाइट लोर'चे वेगळेपण वस्तू एकमेकींच्या मागे-पुढे नेमक्या दाखवण्यात होते. त्यासाठी प्रत्येक आकृतीसोबत तिच्या बाह्यरेषेइतका एक 'मुखवटा' साठवलेला असे. आकृती काढण्यापूर्वी मुखवट्याने तेवढीच पार्श्वभूमी पुसली जाई आणि मग त्या रिकाम्या जागी आकृती बसवली जाई. दूरच्या वस्तू आधी व जवळच्या नंतर काढल्यामुळे सेबरमॅन ठोकळ्यामागे गेला की खरोखर झाकला जात असे. ठोकळे ढकलता येत, त्यांवर चढता येई, आणि हातातील वस्तू खाली ठेवून तिचाही पायरीसारखा उपयोग होई.

रंगांची अडचण कंपनीने रंगच सोडून देऊन सोडवली. एका दालनात काळ्यावर एकच रंग वापरल्यामुळे रंग मिसळण्याचा प्रश्न उरला नाही आणि रेखाटनातील बारकावे उठून दिसले. या सर्वांची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागली. दालनात हलत्या वस्तू जास्त असल्या की खेळ मंदावे आणि त्या नाहीशा झाल्या की पुन्हा वेग घेई.

हा खेळ 'सेबर वुल्फ'च्या आधीच तयार झाला होता, असे स्टॅम्पर बंधूंनी पुढे सांगितले. तो लगेच प्रसिद्ध केला असता तर त्यापुढे 'सेबर वुल्फ' जुना वाटून त्याची विक्री बुडाली असती. शिवाय इतर कंपन्यांना अनुकरणासाठी अधिक अवधी मिळाला असता. म्हणून तो काही महिने मुद्दाम राखून ठेवण्यात आला. मधल्या काळात दुसऱ्या कोणी तसेच तंत्र बाजारात आणले असते तर सारे श्रम झाकोळले जाण्याचा धोका होता, परंतु तसे घडले नाही. गोल्डन जॉयस्टिक पुरस्कारांत 'नाइट लोर' वर्षातील सर्वोत्तम खेळ ठरला.

कार्यपद्धती व गोपनीयता

स्टॅम्पर बंधू मुलाखती क्वचितच देत. कंपनीच्या जाहिरातींत बहुधा खेळाचे नाव व एक गूढ चित्र एवढेच असे. पडद्यावरील दृश्ये दाखवली जात नसत. खेळासोबतच्या पत्रकातही कथा असे, पण उलगडा नसे. त्यामुळे मासिकांच्या वाचकांत कंपनीविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. या मौनाचे मुख्य कारण कामाचा व्याप हे होते. १९८८ साली 'क्रॅश' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, आपण आठवड्याचे सातही दिवस सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत काम करीत असू, असे त्यांनी सांगितले. चारपाच जणांच्या तुकडीने इतक्या थोड्या काळात इतके खेळ कसे दिले, याचे उत्तर त्यात मिळते. हा वेग फार काळ टिकणारा नव्हता, हेही त्यावरून कळते.

विक्री आणि उतरती कळा

'एलियन ८' (१९८५) हा फिल्मेशन तंत्राचा दुसरा खेळ होता. 'नाइटशेड' व 'गनफ्राइट' यांत हे तंत्र सरकत्या दृश्यापर्यंत नेले गेले. मात्र दर वेळी तोच साचा दिसू लागल्याने समीक्षकांचा उत्साह ओसरला. दरम्यान इतर कंपन्याही आयसोमेट्रिक खेळ काढू लागल्या होत्या.

१९८५ साली अल्टिमेटचे नाव व खेळांचे हक्क यू.एस. गोल्ड या प्रकाशन कंपनीकडे गेले. यानंतर त्या नावाने आलेले काही खेळ इतरांनी तयार केलेले होते. 'मार्शनॉइड्स' व 'बबलर' (१९८७) यांना पूर्वीसारखा प्रतिसाद लाभला नाही आणि अल्टिमेट या नावाने नवे खेळ येणे थांबले. 'अंडरवर्ल्ड'च्या तीन निर्गमद्वारांपैकी एकावर ज्याचे नाव कोरलेले होते तो 'मायर मेअर' हा खेळ कधीच प्रकाशित झाला नाही.

स्टॅम्पर बंधूंचे लक्ष तोवर जपानकडे वळले होते. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या खेळयंत्राचा त्यांनी स्वतः उलगडा केला, त्यावर चालणारे नमुने निन्टेन्डोला दाखवले आणि अधिकृत परवाना मिळवला. या कामासाठी १९८५ साली स्थापन केलेली 'रेअर' ही कंपनी 'डाँकी काँग कंट्री' (१९९४) व 'गोल्डनआय ००७' (१९९७) या खेळांमुळे जगभर पोहोचली. २००२ साली मायक्रोसॉफ्टने ती ३७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. स्टॅम्पर बंधू २००७ मध्ये तिच्यातून बाहेर पडले.

प्रभाव

'नाइट लोर'नंतर स्पेक्ट्रमवर आयसोमेट्रिक खेळांची एक शाखाच तयार झाली. 'फेअरलाइट' (१९८५), तसेच जॉन रिटमन व बर्नी ड्रमंड यांचे 'बॅटमॅन' (१९८६) व 'हेड ओव्हर हील्स' (१९८७) ही तिची ठळक उदाहरणे होत. 'नाइट लोर'ची एक आवृत्ती १९८६ साली जपानमध्ये फॅमिकॉमसाठीही निघाली.

अल्टिमेटचे काही खेळ बीबीसी मायक्रो या संगणकासाठीही आले होते. १९८४ मध्ये भारत सरकारने शाळांतील संगणक-साक्षरतेसाठी सुरू केलेल्या 'क्लास' प्रकल्पात हाच संगणक निवडला गेला होता. झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक भारतीय आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने बाजारात आली.

'जेटपॅक' हा खेळ 'डाँकी काँग ६४' (१९९९) मध्ये अंतर्भूत करण्यात आला व २००७ साली त्याची 'जेटपॅक रिफ्युएल्ड' ही नवी आवृत्ती निघाली. २०१५ च्या 'रेअर रिप्ले' या संग्रहातील ३० खेळांपैकी सात अल्टिमेटच्या काळातील आहेत.

प्रमुख खेळ

• जेटपॅक (१९८३)
• प्स्स्ट (१९८३)
• ट्रान्झ ॲम (१९८३)
• कुकी (१९८३)
• लुनर जेटमॅन (१९८३)
• ॲटिक ॲटॅक (१९८३)
• सेबर वुल्फ (१९८४)
• अंडरवर्ल्ड (१९८४)
• नाइट लोर (१९८४)
• एलियन ८ (१९८५)
• नाइटशेड (१९८५)
• पेंटाग्राम (१९८६)

हे सुद्धा पहा

• झेडएक्स स्पेक्ट्रम
• रेअर (कंपनी)
• घरगुती संगणक