स्टॅन्ली टुचीचं ‘टेस्ट’ वाचावं का?

नटाने लिहिलेलं खाण्यावरचं पुस्तक म्हटलं की मी जरा बिचकतेच. मैत्रिणीने हातात कोंबलं म्हणून वाचलं.

टुची म्हणजे ‘जुली अँड जुलिया’ सिनेमातला, पाककलेवर लिहिणाऱ्या जुलिया चाइल्डचा नवरा. पुस्तक २०२१ चं. घराणं मूळचं इटलीतलं, वाढला न्यूयॉर्क राज्यात.

सगळ्यात रंगलाय तो नाताळातला टिंपानो. मोठ्या पातेल्याला आतून मैद्याच्या पोळीचं अस्तर लावायचं. त्यात पास्ता, सलामी, चीज, उकडलेली अंडी, खिम्याचे गोळे आणि सॉस ठासून भरायचा, वरून पोळी मुडपून भट्टीत भाजायचं. पालथं घालताना सगळं घर श्वास रोखून उभं! टुचीच्याच १९९६ च्या ‘बिग नाइट’ सिनेमात हाच पदार्थ आहे.

शेवटी येतो जिभेच्या मुळाशी झालेला कॅन्सर. उपचारात चव गेली, नळीवाटे अन्न घ्यावं लागलं. खाण्यात जीव अडकलेल्या माणसाने हे रडगाणं न गाता लिहिलंय, म्हणून जास्त लागतं.

नामवंत मित्रांच्या जेवणावळी मात्र मी भराभर उलटल्या. उगाच लांबवल्यात.

माझं मत: घ्याच. पाककृतीही आहेत, इंग्रजी सोपं आहे.

कुणी वाचलंय?