आकडा वाचणाऱ्याची परीक्षा

प्रोग्राम चुकतो आहे हे दिसते, पण नेमका कुठे ते कळत नाही, अशा वेळी प्रोग्रामर डीबगर उघडतो. डीबगर चालू प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि त्या क्षणी त्याच्या पोटात कोणत्या किमती आहेत ते दाखवतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा अशा साधनांतला एक जुना आणि आजही रोजच्या वापरातला डीबगर. त्याला आकडा टाइप करून प्रश्न विचारता येतो: या व्हेरिएबलची किंमत अमुक इतकी आहे का? उत्तर देण्याआधी त्याला तो आकडा वाचावा लागतो. या वाचण्यात काही चुकू शकेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही, आणि म्हणूनच त्याची तपासणी कसून व्हायला हवी. ती एकाच प्रोसेसरवर उरकली असेल, तर तपासणी झालेली नाही असेच धरले पाहिजे.

सी भाषेत ‘इंट’ या साध्या पूर्णांकाला किती जागा मिळेल हे भाषेने पक्के ठरवलेले नाही. किमान १६ बिट हवेत, एवढेच बंधन आहे. विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या अर्डुइनो उनो या बोर्डाच्या मूळ रूपात एव्हीआर घराण्यातली चिप असते. तिथे इंट १६ बिटांचा असतो आणि ३२,७६७ ला त्याची मर्यादा संपते. घरच्या संगणकावर तोच इंट ३२ बिटांचा असतो आणि २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंत जातो. ‘लाँग’ची तऱ्हा आणखी वेगळी: चिप तीच असली तरी ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा, विंडोजवर मात्र ३२ बिटांचा. आता प्रोग्रामात नुसता लिहिलेला आकडा कोणत्या प्रकारचा मानायचा? नेहमीच्या दशमान पद्धतीने लिहिला असेल तर आधी इंटमध्ये मावतो का पाहायचे, नाही तर लाँग, नाही तर ‘लाँग लाँग’. हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायाच्या पद्धतीने लिहिला असेल, तर प्रत्येक पायरीवर अनसाइन्ड, म्हणजे ऋण किंमत न घेणारा प्रकारही चालतो. दशमान ३६,८६४ आणि हेक्स ९००० ही एकच संख्या. संगणकावर दोन्ही लिखाणे इंट ठरतात. एव्हीआरवर पहिले ३२ बिटांचा लाँग ठरते, दुसरे १६ बिटांचा अनसाइन्ड इंट. दोघांच्या आधी वजाचे चिन्ह लावले की पहिल्याचे उत्तर उणे ३६,८६४ येते आणि दुसऱ्याचे चक्क अधिक २८,६७२. यात यंत्राचा दोष नाही, भाषेचा नियमच तसा आहे.

डीबगरची खरी अडचण इथे सुरू होते. तो चालतो लॅपटॉपवर आणि तपासतो बोर्डावरचा प्रोग्राम, म्हणून आकडा बोर्डाच्या नियमाने वाचणे त्याला भाग आहे. एव्हीआरवरच्या एका इंटमध्ये उणे एक आहे, आणि प्रोग्राम त्याची तुलना चार ‘एफ’ असलेल्या हेक्स आकड्याशी, म्हणजे ६५,५३५ शी करतो आहे, असे समजा. हेक्स आकडा तिथे अनसाइन्ड इंट ठरतो, त्याच्याशी तुलना करताना उणे एकचेही ६५,५३५ होते आणि अट खरी ठरते. लॅपटॉपच्या ३२ बिटांच्या हिशेबाने तीच अट खोटी. डीबगरने लॅपटॉपचा नियम लावला, तर ‘ही अट खरी झाली की थांब’ असे सांगूनही तो थांबणार नाही. मग ती स्थिती कधी आलीच नाही असे समजून प्रोग्रामर सेन्सरवर संशय घेईल, वायरिंग उलगडेल, कंपायलरला दोष देईल. डीबगर स्वतः कोसळला असता तर निदान कळले असते. इथे तो शांतपणे चुकीची साक्ष देतो.

यावर पहिला आक्षेप असा की ही आडवळणाच्या चिपांची गोष्ट झाली. बहुतेकांचे काम नेहमीच्या इंटेल-एएमडीच्या संगणकांवर चालते. पण जीडीबीतच याचे उत्तर आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर २१४७४८३६४८ ही दशमान संख्या, म्हणजे इंटच्या मर्यादेहून फक्त एकने मोठी, जीडीबी ‘अनसाइन्ड इंट’ मानत असे. सी भाषा दशमान आकड्याला असा प्रकार देत नाही. तो लाँग असायला हवा होता. परिणाम क्षुल्लक नव्हता: ३२ बिटांच्या अनसाइन्ड प्रकारात या संख्येला वजाचे चिन्ह लावले तर पुन्हा तीच धन संख्या हाती येते. ही चूक २०२२ मध्ये दुरुस्त झाली. जगातल्या सर्वांत सरावाच्या संगणकांवर ती सीमेवरच्या आकड्यापाशी इतकी वर्षे टिकली. इंटची रुंदी बदलली की सीमाही सरकते. एका चिपवर कोपऱ्यात पडलेला आकडा दुसरीवर रोजच्या वापरातला होतो. ४०,००० हा एव्हीआरवर सीमेपलीकडचा आकडा आहे.

दुसरा आक्षेप अधिक मोहात पाडणारा आहे: सगळेच आकडे ६४ बिटांत वाचावेत, कटकटच मिटेल. गणिताच्या दृष्टीने त्याने उत्तरे अधिक ‘बरोबर’ येतील, हे खरे. पण तपासला जाणारा प्रोग्राम १६ बिटांतच हिशेब करतो आहे, आणि तो हिशेब उलटतो तेव्हाच तर डीबगरची गरज लागते. प्रोग्रामला जे दिसते त्याहून शहाणे उत्तर देणारा डीबगर त्या कामाचा नाही. इतक्या चिपांवर तपासण्याच्या खर्चाचा मुद्दा मात्र रास्त आहे, पण तो सोडवता येतो. प्रत्येक चिप विकत घेऊन टेबलावर मांडावी लागत नाही. जीडीबीला सर्व आर्किटेक्चरांचा, म्हणजे चिपांच्या घराण्यांचा, आधार देऊन बांधले, की एका आज्ञेने त्याला ‘तू आता एव्हीआरसाठी काम करतो आहेस’ असे सांगता येते, आणि बोर्ड न जोडता एखाद्या आकड्याचा प्रकार विचारता येतो. शिवाय इंट आणि लाँगच्या रुंदीच्या जोड्या मोजक्याच असतात. आर्किटेक्चरे कितीही असोत, प्रश्नांचे वेगळे संच थोडेच लागतात.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसरा. अपेक्षित उत्तर काढायला चाचणीतही तेच नियम लिहावे लागतात. मग एकच गैरसमज दोन्हीकडे उतरला तर चाचणी पास आणि डीबगर चूक. ही भीती खरी आहे, आणि आजचे उत्तर टिपून उद्या त्याच्याशी ताडून पाहणाऱ्या चाचण्यांना ती पुरेपूर लागू पडते. वजनकाटा तपासायचे माप त्याच काट्यावर तोलून घडवत नाहीत. अपेक्षित उत्तर भाषेच्या स्टँडर्डमधून काढले पाहिजे, आणि तेही कोणत्या आवृत्तीतून ते ठरवून. लाँग ३२ बिटांचा असेल तर २१४७४८३६४८ हा १९८९ च्या नियमाने अनसाइन्ड लाँग आहे आणि १९९९ च्या नियमाने लाँग लाँग. चाचणी लिहिणाऱ्याला इथे बाजू घ्यावीच लागते, आणि ती घेताना डीबगरच्या कोडमध्ये दडलेले गृहीतक उघडे पडते. भाषा बदलली की पुन्हा नवा प्रश्न. रस्टमध्ये, दुसरा काही निर्देश नसेल तर साधा पूर्णांक कोणत्याही चिपवर ३२ बिटांचाच. मोड्युला-२ मध्ये हेक्सची खूण आकड्याच्या शेवटी येते. एडा पाया आधी सांगून आकडा नंतर लिहिते. जीडीबीत या भाषांचे आकडे वाचणारा कोड वेगवेगळा आहे, म्हणून सी भाषेतले यश एडाच्या नावे जमा करता येत नाही.

प्रश्न कुठे विचारायचे हे मात्र सगळीकडे सारखेच: प्रत्येक रुंदीच्या कमाल संख्येवर, तिच्यापुढच्या एकावर, आणि वजाचे चिन्ह लावून त्याच जागी पुन्हा. सी भाषेसाठी ६४ बिटांच्या टोकाला १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही संख्या येते. तिच्यात एक मिळवून विचारले असता डीबगरने वरचे बिट गुपचूप कापून शून्य दाखवले तर चाचणी नापास; ‘आकडा फार मोठा आहे’ असे सांगून उत्तर नाकारले तर पास.